गवतामागची जागा

कुंदाच्या तिसऱ्या फटक्याला कुत्रीच्या तोंडातून ससा सुटला, पण तोवर त्याची मान लोंबू लागली होती. नातीने थेंबाथेंबाने दूध पाजून वाढवलेला तो पांढरा जीव बघून कुंदाचं डोकं फिरलं.

तिने लोखंडी गज दोन्ही हातांनी उचलून कुत्रीच्या पाठीत घातला. गॅरेजचं शटर सताड उघडं होतं, तरी ती पळेना. सशांसाठी वर्षभराचं वाळलं गवत भरून ठेवलं होतं, त्या गठ्ठ्यांच्या थप्पीला पाठ लावून ती दात विचकत राहिली. कंबरडं मोडलं तरी बसल्या जागेवरून गुरगुरली. मग कुंदाने डोक्यातच घाव घातला.

"बास कर कुंदा, मेली ती," नवरा शटरपाशी येऊन म्हणाला. त्यानंतरही तिने दोनदा गज हाणला.

पण बारीक कुईकुई ऐकू येतच राहिली, थप्पीमागून. गवत कुबट होऊ नये म्हणून कुंदानेच भिंतीलगत हातभर जागा सोडली होती. तिने गज टाकला आणि वाकून आत हात घातला. डोळेही न उघडलेली पिल्लं एकमेकांवर चढत होती. त्यातल्या एकाने तिचं रक्ताने माखलेलं बोट तोंडात घेतलं आणि चोखायला सुरुवात केली.