गोड बोलणारं व्हर्जन

अर्धांगवायूनंतर विनताताईंच्या मनातलं घरचा कॉम्प्युटर बोलून दाखवायचा. सकाळच्या अपडेटपासून मात्र तो "अहो, तुम्ही..." एवढंच म्हणून बंद पडत होता आणि पुन्हा सुरू होत होता. रागाने विनताताईंचे डोळे भरून आले होते.

त्यांचे यजमान दिगंबरराव वैतागून कंपनीच्या माणसावर फोनवर ओरडले.

"काका, मनाला लागेल असं वाक्य आलं की नवं व्हर्जन रीस्टार्ट होतं. काकूंना जरा गोड बोलायला सांगा ना."

"तिने काय बोलायचं ते तुम्ही ठरवणार? जुनंच टाका परत!"

जुनं व्हर्जन सुरू होताच कॉम्प्युटर कडाडला, "अहो, तुम्ही माझी हार्मोनियम मला न विचारता देऊन टाकलीत? मी अजून जिवंत आहे!"

चपला घालून दिगंबरराव हार्मोनियम परत आणायला निघाले.