यादीतली खोटी बाई

आमच्या ऑनलाइन कपड्यांच्या दुकानात दोन हजार बायकांची मापं, पत्ते, फोननंबर आहेत. ते सगळं सांभाळते माझी नणंद. बाई कसली, चालतंबोलतं कुलूपच! यादी चोरीला गेली तर कळावं म्हणून तिनं त्यात एक खोटं गिऱ्हाईक घुसवलंय. नाव रचलेलं, घर नसलेलं, फोन मात्र आमच्या टेबलावरचा.

"हा वाजला की चोरी झाली समज, वहिनी."

आज दुपारी तो वाजला. नणंदेनं स्पीकर लावला.

एका दमलेल्या बाईनं स्वतःचं म्हणून तेच रचलेलं नाव सांगितलं. "ताई, माणसं घरी येऊन गेली. बाकीच्या बायकांचं खोदून खोदून विचारत होती. मी एकीचंही नाव सांगितलं नाही."

नणंद पांढरीफटक पडली.

फोनमध्ये, पलीकडे दार धडधडलं.

"परत आली वाटतं," ती बाई हळूच म्हणाली. "तुम्ही काळजी नका करू."