भिवातात्यांनी विझवलेली आग

"शेठ, सांगून कुणाला खरं वाटायचं नाही," भिवातात्यांनी टोपी सारखी करत सुरुवात केली.

फरसाणाच्या कारखान्यातले सगळे कामगार काळ्या पडलेल्या भट्टीभोवती उभे होते. आग विझवायचे सिलिंडर तात्यांच्या ताब्यात असत. सकाळी तेलाची कढई पेटली तेव्हा ते काय करत होते, हे शेठना ऐकायचे होते. उत्तर पटले नाही तर तीस वर्षांची नोकरी आजच सुटणार होती.

एरवी तात्यांच्या थापांना इथे चहाबरोबर दाद मिळे. आज त्यांनी ठेवणीतली काढली. "ज्वाळा पत्र्याला भिडलेल्या. ही गुणाबाई कढई टाकून पळाली. मी पाण्याचा सिलिंडर उचलला, पिन दातांनी उपटली आणि फवारा थेट कढईत सोडला. आग कोकरासारखी निजली."

"दात कुणाचे आणले होतेत?" मागून कुणीतरी विचारले. हसले मात्र कुणीच नाही.

गुणाबाई पुढे आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते.

"गॅस मी बंद केला, कढईवर परात मी झाकली. पावडरचा सिलिंडर मागितला, तर तो तेलकट होईल म्हणून तुम्ही कपाटात कुलपात ठेवलेला, आणि किल्ली शोधत बसला होतात. पेटत्या तेलात पाणी सोडलं असतंत, तर भडक्यात छपरासकट गेला असतात, तात्या. खोटं बोलायलासुद्धा तुम्ही चुकीचाच सिलिंडर उचललात."