एकोणिसावं मिनिट

सातवं मिनिट.

श्वास आत. श्वास बाहेर.

श्रीनिवास बेडरूममध्ये सतरंजीवर मांडी घालून बसला होता. दार लोटलेलं. सकाळचे पावणेसात. वारज्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. चैतालीच्या बांगड्या नाहीत. सात वर्षांच्या पायलची दप्तर भरतानाची कुरकुर नाही. कुकरची शिट्टी नाही.

बाहेर सगळं चालू असणारच. आपल्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

तो गालातल्या गालात हसला. हसल्याचं त्याला कळलं, तसा तो पुन्हा श्वासाकडे वळला.

अकरावं मिनिट.

विचार आला. येऊ द्यावा, असं हिंदुराव सर सांगायचे. तर आला. जानेवारीतला. हिंजवडीहून घरी आलेला श्रीनिवास. कानात अजून अमेरिकेतल्या क्लायंटची बोलणी. ताटात गार भाकरी. मग ताट भिंतीवर, आणि टेबलाखाली पायल.

दुसऱ्या दिवशी चैताली पायलला घेऊन लोणी काळभोरला माहेरी निघून गेली. आठ दिवसांनी परत आली ती दारातच थांबली. म्हणाली, "या वेळी आले. पुढच्या वेळी गेले की गेले."

त्याच आठवड्यात त्यानं क्लास लावला. स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये, दर रविवारी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हिंदुराव सर ध्यान शिकवायचे. ऑफिसात चेष्टा झाली. "टीम लीड बुवा झाला रे आपला!" तो चिडला नाही. घरी तर चाळीस दिवसांत आवाज म्हणून चढवला नव्हता. रोज सकाळी तीस मिनिटं, न चुकता, मोबाइलला गजर लावून.

गेल्या रविवारी त्यानं सरांना सांगितलं, "सर, बसलो की मला आता घरातला आवाजच येत नाही. कुकरसुद्धा नाही."

कौतुक होईल असं वाटलं होतं. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

काय पण विचारतात, असं त्याला वाटलं होतं.

सोळावं मिनिट. श्वास आत.

श्वास

पोटरीत गोळा आला. हलायचं नाही, बघत राहायचं. तो गोळ्याकडे बघत राहिला. गोळा काही त्याच्याकडे बघेना, वर वर चढत गेला. एकोणिसाव्या मिनिटाला श्रीनिवास उठला. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच. लंगडत त्यानं दार उघडलं.

हॉल रिकामा.

स्वयंपाकघर रिकामं. गॅस बंद. कुकर नाही. पायलचं दप्तर नाही. बूट नाहीत.

"चैताली?"

न्हाणीघराचं दार सताड उघडं.

लोणी. पुढच्या वेळी गेले की. पण का? मी तर एकदाही ओरडलो. नाही ओरडलो. चाळीस दिवस. एकदाही नाही. श्वास आत गेला होता की बाहेर आला होता, त्याला सांगता आलं नसतं. पाय ओढत तो बाहेरच्या दाराकडे धावला. कडी काढलेलीच होती.

त्यानं दार उघडलं.

दोघी वर जाणाऱ्या जिन्यात होत्या. वरच्या पायरीवर चैताली, खालच्या पायरीवर पायल. वेणी घालणं चाललं होतं. चैतालीनं बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांच्यावर रुमाल बांधला होता. पायल पाढे म्हणत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दप्तर, डबा, बूट, सगळं पायरीवर ओळीनं मांडलेलं. रोजची जागा ठरल्यासारखं.

समोरच्या घरातून शिट्टी झाली. पाठोपाठ शेजारच्या सत्यशीलाबाई दारात आल्या. "तिसरी झाली गं चैताली, उतरवते तुझा कुकर." मग त्यांना श्रीनिवास दिसला. "अरे वा. आज लवकर सुटले वाटतं साहेब." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"हे काय चाललंय? कधीपासून?" श्रीनिवासनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," चैताली म्हणाली. वेणीवरची नजर तिनं काढली नाही.

"अगं, पण मी कधी सांगितलं बाहेर बसा म्हणून?"

आवाज चढला. जिन्यात घुमला, खालच्या मजल्यापर्यंत गेला. पायलचे ओठ थांबले.

चैतालीनं रिबिनीची गाठ मारली. "तुम्ही सांगेपर्यंत थांबायचं नसतं," ती म्हणाली. "एवढं शिकलोय आम्ही."

  पायल उठली. मोजे घातलेल्या पायांनी दोन पायऱ्या उतरून त्याच्याजवळ आली. त्याचं बोट धरून तिनं त्याला हळूच दाराच्या आत लोटलं आणि समजूत घालावी तशी कुजबुजली,

"अजून अकरा मिनिटं आहेत ना बाबा तुमची? बसा जा तुम्ही. आम्हाला ना, इथं एकदम शांत वाटतं."