गुणमिलनाची फाईल

प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही. आवश्यक लायब्ररी फाईल सापडली नाही.

स्नेहलने चौकट बंद केली. पुन्हा क्लिक केलं.

आवश्यक लायब्ररी फाईल सापडली नाही.

"काय म्हणते तुहं मशीन?" मागून तेजराम म्हणाले.

"काही नाही काकाजी. एक फाईल मिळून नाही राहिली."

"एवढ्याशा डब्ब्यात फाईल हरवते? आमच्या स्टील प्लांटात क्रेन नाही हरवली कधी."

बोरसीच्या त्या समाज-कार्यालयात सगळे हसले. स्नेहलही हसली. तिचे कान तापले होते.

रविवारची दुपार. एका बाकावर तेजराम आणि त्यांची गुंजन. समोरच्या बाकावर रत्नमालाबाई आणि त्यांचा रूपेश. गुंजन-रूपेशचं जुळलेलं होतं. त्यांनी स्वतःच जुळवलं होतं. उरले होते फक्त पत्रिकेतले गुण. अठराच्या खाली आले तर आपण उठणार, असं तेजरामांनी आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं.

"आमचे भैय्याजी पाहा," ते रत्नमालाबाईंना म्हणाले. "इतके मोठे समाजाचे अध्यक्ष. पण मशीन याच्या आधी हातानं मांडून चौदा गुण आले तर सोताच्या पोरीचंही मोडलं. तत्त्व म्हणजे तत्त्व."

ती पोरगी, वसुंधरा, चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवले आणि आत गेली. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे. भैय्याजी खिडकीबाहेर पाहत राहिले.

आवश्यक लायब्ररी फाईल

"समजलं बाबा," स्नेहल पडद्याला पुटपुटली.

कॉलेजात असताना तिनेच हे समाजासाठी बनवलं होतं. गुणमिलनाचा प्रोग्रॅम आणि वधूवर परिचय-पुस्तिकेचा प्रोग्रॅम. दोन्ही एकाच सामायिक लायब्ररीवर, म्हणजे हिशेबाच्या एकाच फाईलवर चालायचे. ती फाईल गेली की दोन्ही ठप्प. आणि मागच्या आठवड्यात जुनवानीच्या घरून मुद्दाम येऊन तिने तीच फाईल बदलली होती. "अपडेट आहे," एवढंच सांगून.

तेव्हा चूक कोणाची, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

अँटीव्हायरसने अडकवली?
नाही.
दुसऱ्या फोल्डरात पडली?
नाही.
विंडोजने रात्रीतून काही
नाही. तेही नाही. फाईल जिथे असायला हवी तिथे नुसती जागा होती.

"दीदी, रीइन्स्टॉल मार दो ना," रूपेश म्हणाला.

"तेच करून राहिली."

"कंपनीत नोकरी आहे म्हणे हिला," रत्नमालाबाई हळू बोलल्या. पण इतकंही हळू नाही.

भैय्याजी वळले. "तुम्ही सगळे आतल्या खोलीत बसा. वसुंधरानं पोहे केले आहेत. तिले एकटीले करू द्या."

खोली रिकामी झाली. भैय्याजी मात्र तिच्या मागेच उभे राहिले. स्नेहलने स्वतःचा लॅपटॉप उघडला, पॅकेज नव्याने बांधलं, पेन ड्राइव्हवरून या कॉम्प्युटरवर आणलं. क्लिक केलं.

प्रोग्रॅम उघडला.

तिने सुटकेचा श्वास सोडला नाही. गुंजनची जन्मवेळ भरली. रूपेशची भरली. बटण दाबलं.

नऊ.

आत गुंजन कशावर तरी खळखळून हसली.

"नऊ आले, भैय्याजी."

त्यांनी मधल्या दाराकडे पाहिलं.

"अन्..." स्नेहलने माउस बाजूला सारला. "मले एक सांगाचं होतं. जुनी फाईल होती ना, तिच्यात हिशेबच नव्हता. टेस्टिंगसाठी मी कोणाच्याही पत्रिकेले अठ्ठावीस लिहून ठेवले होते. बाद में करूंगी म्हटलं. मंग परीक्षा आली अन् विसरली मी."

"म्हणजे आजवर?"

"सगळ्यांले अठ्ठावीस. प्रत्येक जोडीले. मागच्या महिन्यात कोड पाहता पाहता समजलं. तुम्हाले सांगाची हिंमत नाही झाली. चुपचाप नवीन बसवली."

भैय्याजींनी जाऊन मधलं दार लावलं. कडी घातली.

स्नेहल फरशीकडे पाहत बसली. समाजातली किती लग्नं तिने अशी लावली होती, कोण जाणे. लोक पत्रिका पुढे करत गेले, मशीन अठ्ठावीस म्हणत गेलं, आणि भैय्याजी त्याखाली सही करत गेले. आता बोलतील. बोलूच देत.

"कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही."

"अभिनवले?"

तिने नकारार्थी मान हलवली. नवऱ्याला काय सांगणार? त्यांचंही लग्न अठ्ठावीस गुणांवरच ठरलं होतं.

"तुही अन् अभिनवची पत्रिका," भैय्याजी सावकाश म्हणाले, "या मशीनवरची पहिली होती. मशीनवर भरोसा नव्हता, म्हणून घरी जाऊन मी हातानंही मांडली."

स्नेहलने वर पाहिलं. "किती आले होते?"

"सुखी आहेस ना?"

"हो."

"मंग कावून विचारतेस?"

आतून तेजरामांचा आवाज आला. "काय झालं हो भैय्याजी? पोहे संपले!"

"होऊन राहिलं!" भैय्याजी ओरडले. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसत राहिले. वर बघेनात.

"तू अपडेट करून गेली अन् दुसऱ्याच दिवशी गुण कमी आले म्हणून सेक्टर दहाच्या एका पोरीची सोयरीक मोडली. इतक्या वर्षांत पहिली. इथंच बसून रडली ते. वसुंधरासारखी." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मले कॉम्प्युटरातलं काही समजत नाही, बेटा. मले वाटलं, नवीन फाईल काढून टाकली का जुनी आपोआप चालू होते."