ढिला दोरा

तिने मुद्दाम दोरा ढिला बांधला आणि आंघोळीला गेली.

जेवणाच्या टेबलावर, जुन्या चादरीच्या तुकड्यावर ते विमान उभं होतं. जुन्या काळचं, एकावर एक दोन पंखांचं, वीतभर लांब. पंखांच्या मधे काडीएवढे खांब आणि खांबांमधे फुलीसारखे ताणलेले दोरे. खऱ्या विमानात तिथे तारा असायच्या. दोरा ढिला राहिला की लोंबतो, जास्त ओढला की वरचा पंख तिरका होतो. नेमकं किती ओढायचं ते डोळ्यांना सांगता येत नाही, बोटांनाच कळावं लागतं. तिच्या बोटांना तेच शिकायचं होतं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर उजवा हात कामातून गेला होता. डावा जन्मभर उजव्याच्या मागे मागे फिरलेला, त्याच्यावर एकदम घरचा कर्ता होण्याची वेळ आली होती.

विमानाच्या सुट्या भागांचा खोका फिजिओथेरपिस्टने दिला होता. देताना तिने एकच अट घातली होती. "चुकलं तर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी नीट बघा आणि मगच सोडवा." सुरुवातीचे दिवस नुसते चुकण्यात गेले. गोंद जास्त झाला आणि वैमानिकापुढची इवलीशी काच धुरकटली. पंख आधी चिकटवले आणि रंग नंतर द्यायला घेतला, तेव्हा ब्रश काही आत जाईना. पण चुकत चुकत हात बसायला लागला. दोरे बांधायला घेतल्यावर तर काय, रोज सकाळी पाहावं तर आदल्या दिवशीचे दोरे ताठ. त्या जोरावर तिने दुकानात कळवून टाकलं, सोमवारपासून येते. केस कापायचं दुकान होतं तिचं. हाताखालच्या मुलीने जुन्या गिऱ्हाइकांना निरोपसुद्धा धाडले होते.

आणि काल तिला एक गाठ दिसली. ती डाव्या हाताने गाठ मारायची, त्यामुळे तिच्या गाठी डावीकडून वळायच्या. ही उजवीकडून वळली होती. मग तिने बाकीच्याही पाहिल्या.

केस पुसत ती बाहेर आली. दोरा ताठ होता. नवरा खिडकीशी पेपर वाचत बसला होता, जरा जास्तच मन लावून.

"अहो, इकडे या."

तो आला. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याची हयात गेली होती. दुसऱ्यांच्या चुका गुपचूप काढायच्या आणि आपण तिथे होतो याचा माग ठेवायचा नाही, हाच त्याचा धंदा.

"कधीपासून चाललंय हे?"

त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला. "दोरे सुरू केलेस तेव्हापासून. अगं, त्याआधी तू रंगाची बाटली भिरकावलीस आणि मग रडत बसलीस. मला बघवेना."

"म्हणजे हे सगळे दोरे तुमचे?"

"सगळे नाहीत. एखाददुसरा तुझा असेल."

"कोणता?"

त्याने वाकून पाहिलं. त्याला सांगता येईना.

"काच धुरकटली ती?"

"ती तुझीच."

"आणि रंग?"

"तोही तुझाच गं."

तेवढंच तिला बरं वाटलं. राग तर आलाच होता, पण रागाहून भीती मोठी होती. सोमवारी खुर्चीत माणसं येऊन बसणार, त्यांच्या कानाशी ती कात्री नेणार, आणि तो हात कुठवर आलाय हे तिला ठाऊकच नव्हतं. बिघडलेलं का होईना, तिला स्वतःचं काम पाहायचं होतं, आणि ते घरात शिल्लकच नव्हतं.

दुकानासाठी घेतलेली डावऱ्यांची नवी कात्री तिने वेष्टनातून काढली आणि एकेक करून सगळे दोरे कापून टाकले.

"अगं, अगं! चांगले होते ते!"

"म्हणूनच. बसा समोर. आणि हात मांडीखाली घ्या."

तो बसला. शाळेत बाईंनी बसवल्यासारखा. तिने नवा दोरा घेतला, टोक दातांत धरलं, खांबाभोवती फिरवलं, गाठ मारली आणि सोडलं. दोरा लोंबला. नवऱ्याचा एक हात मांडीखालून आपोआप बाहेर आला. तिने नुसतं पाहिलं. हात परत आत गेला.

मग ती मान तिरकी करून त्या लोंबत्या दोऱ्याकडे बघत राहिली. दुसरा बांधला, तोही लोंबला. तिसरा बांधताना तिने दोऱ्याऐवजी अंगठ्याकडेच डोळे लावले.

"गाठ आवळताना अंगठा सुटतोय माझा," ती म्हणाली. "हे मला केव्हाच कळलं असतं."

त्याला आता खरंच वाईट वाटत होतं. तो हळूच म्हणाला, "दुकानात फोन करू का मग? सोमवारी जमत नाही म्हणून?"

"कशाला? येते म्हटलंय, तर जाणार. फक्त बाकीच्यांना थांबायला सांगा. सोमवारी एकच गिऱ्हाईक घेणार मी."

"कोण?"

"तुम्ही."

त्याने मांडीखालचे हात काढले, पण त्यांचं काय करायचं ते त्याला सुचेना.

"आणि वाकडेतिकडे कापले गेले तर?"

"तर तसेच हिंडा. डोक्यामागचे केस काही स्वतःला सरळ करता येत नाहीत," ती म्हणाली. "मला रोज सकाळी नीट बघता येतील."