चांदीची कडी

चंद्रभागा म्हणजे पाटोद्याच्या अर्जुनरावांची थोरली सून. दहा वर्षं कूस उजवली नाही म्हणून घरात सवत आली, आणि दर बारशाला पाळण्याजवळ फिरकायचीही चंद्रभागेला मनाई झाली. सहाव्या बाळंतपणात ही धाकटी सवत मुक्ता पार खंगली, तेव्हा मात्र तिला चोरून गेवराईच्या म्हाताऱ्या सुईणीकडे चंद्रभागाच घेऊन गेली. दोघींनी ना गाव सांगितलं, ना घर.

“पिशवीत चांदीची कडी बसविते,” सुईण म्हणाली. “काढंस्तवर लेकरू ऱ्हात न्हाई. लई वर्सांमागं, पाटोद्याला व्हते तवा, अर्जुनरावाच्या नव्या सुनंला बसवलती. पोर कवळी हाय, दोन वर्सांनी काढू, आसं सासूच म्हनली. पोरीला सांगितलं, पोटदुखीवर इलाज हाय. मंग पिलेग आला. सासू गेली, मी बी गाव सोडलं.”

मुक्तानं थोरलीचा हात घट्ट धरला. चंद्रभागेला तो कळलाही नाही.

“मंग ती कडी काढली कुनी?” तिनं विचारलं.

 

“काढली आसंल की कुनीतरी. आता नातवंडं खेळवत आसंल ती!”